रिचार्जचा घरगुती हिशेब

घरभाडे, किराणा, लाइटबिल आणि लोकलचा पास हे आपल्या घरखर्चाचे ठरलेले रकाने. त्यांच्या शेजारी आता मोबाइलच्या रिचार्जचा रकाना कायमचा येऊन बसला आहे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण रिचार्जच्या दुकानात मात्र "नेहमीचाच मारा" एवढेच म्हणतो. आम्ही बी.कॉम. झालेले, दिवसभर ऑफिसात आकडेमोड करणारे कारकून. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतून फिरताना आम्ही लोकांना हा हिशेब मुद्दाम विचारतो.

मुंबईत १९९५ साली मोबाइल आला तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला आणि आपली माणसे मिस कॉल देऊन निरोप कळवू लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट मिळाला. त्या काळात घरोघर 'अनलिमिटेड'ची सवय लागली. फुकटचे दिवस संपले, सवय राहिली. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला.

आता हा शब्द नीट तपासू. अशा प्लॅनमध्ये बोलणे अनलिमिटेड असते, डेटा नव्हे. डेटाला रोजची मर्यादा असते. ती संपली की नेट इतके मंद होते की व्हिडिओ चालत नाही. उलट उरलेला डेटा रात्री बाराला बुडतो, उद्याच्या खात्यात जमा होत नाही. शिवाय २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. २९९ चे तेरा म्हणजे ३,८८७ रुपये, तेही एका फोनचे.

मग मर्यादित प्लॅन घ्यावा काय? आपण लोकलचेच उदाहरण घेऊ. बदलापूरहून रोज मुंबई गाठणारा पास काढतो. महिन्यातून दोनदा कल्याणला लेकीकडे जाणारी आजी तिकीट काढते. तिला कुणी पास काढायला सांगत नाही. मोबाइलच्या दुकानात मात्र आजीलाही पासच दिला जातो.

उल्हासनगरातल्या आमच्या ओळखीच्या एका घरचा मार्च २०२५ मधला हिशेब सांगतो. आई घरी बसून जीन्सचे दोरे कापते. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीने जातात. मुलगा नोकरीला, मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. घरात तीन फोन आणि तिघांनाही २९९ चाच रिचार्ज. आईच्या फोनवर माल आल्याचा शेटचा फोन येतो, माहेरचा येतो, बँकेचा ओटीपी येतो. तिने नेट कधी उघडलेले नाही. वडील पाळीचा बदल कळवणारे मेसेज तेवढे पाहतात. मुलीला स्वतःचा फोन नाही. ती भावाच्या फोनवर अभ्यासाचे व्हिडिओ पाहायची. भाऊ सकाळच्या गाडीने कामावर गेला की त्याच्याबरोबर तिचा अभ्यासही जायचा. आईच्या फोनमधला रोजचा दीड जीबी मात्र रात्री बाराला न वापरताच बुडत होता.

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस एवढेच असलेले प्लॅन देण्याचा नियम केला. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये जिओने ८४ दिवसांचा असा प्लॅन ४४८ रुपयांना आणला, एअरटेलने ४६९ ला. ओटीपी साध्या एसएमएसने येतो, त्याला डेटा लागत नाही.

आम्ही त्या घरी वही घेऊन बसलो. ८४ दिवस म्हणजे २८ दिवसांचे तीन रिचार्ज. तीन फोनांचे २९९ प्रमाणे होत होते २,६९१ रुपये. नवा हिशेब असा मांडला: आईला फक्त बोलण्याचा प्लॅन ४४८, वडिलांना २८ दिवसांत एकूण दोन जीबी देणारा १८९ चा, म्हणजे ५६७, मुलाला पूर्वीचाच, ८९७. मामाने दिलेला जुना फोन घरात पडून होता. तो मुलीला दिला आणि तिलाही ८९७ चा हिशेब धरला. एकूण २,८०९ रुपये. म्हणजे ८४ दिवसांत ११८ रुपये जास्त, दिवसाला दीड रुपयाच्या आत. तेवढ्यात मुलीला स्वतःचे नेट मिळाले.

एक अडचण खरी आहे. ४४८ रुपये एकदम काढणे हातावर पोट असलेल्याला जड जाते. छोटा रिचार्ज परवडतो म्हणून गरीब माणूस तोच मारतो आणि वर्षाअखेर जास्त भरतो. यावर उपाय डब्याचा. रोज साडेपाच रुपये बाजूला टाकले की ८४ दिवसांत ही रक्कम उभी राहते. मुदत मात्र चुकू देऊ नये. ती संपल्यावर आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारेही. रोजंदारीवाल्याला कामाचा एक फोन चुकला तर दिवस बुडतो.

दर पुढेही बदलतील, कंपन्या प्लॅन काढतील आणि मोडतील. हिशेबाची रीत तीच राहील. फोनच्या सेटिंगमध्ये कोणी किती डेटा वापरला हे दिसते. महिनाभर दर रविवारी प्रत्येकाचा आकडा कॅलेंडरवर लिहावा. आपोआप डाउनलोड होणारे फोटो-व्हिडिओ बंद करावेत, व्हिडिओ कमी दर्जाच्या चित्रावर पाहावा. त्यानंतरच दुकानात जावे.

आकडे लिहिताना एक प्रश्न स्वतःला जरूर विचारावा. घरातला मोठा प्लॅन कुणाच्या हातात आहे, आणि त्याची खरी गरज कुणाला आहे? अनेक घरांत तो कमावत्या मुलाकडे असतो आणि शिकणारी मुलगी "दादा, जरा हॉटस्पॉट दे ना" म्हणत दारात उभी असते. माताभगिनींनो, ही वही तुमच्याच हातात असू द्या. पोरीचा आकडा आधी लिहा, बाकीच्यांचे मग.