सर्व ठीक आहे

दूर असलेल्या माणसाला घरचे वर्तमान कळवताना आपण आधी 'सर्व ठीक आहे' असे लिहितो. त्या शब्दांमागे किती जागरणे दडली आहेत, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

आमची लेक सध्या बाळंतपणासाठी पुण्यास आमच्याकडे आली आहे. तिला चौतिसावा आठवडा चालू आहे. जावई आखाती देशात नोकरीला असून त्यांना रजा मिळाली आहे ती प्रसूतीच्या अंदाजे तारखेला धरून. रोज रात्री दोघे फोनवर एकमेकांचे चेहरे पाहून बोलतात. 'सर्व ठीक आहे,' असे ती हसून सांगते, आणि फोन बंद झाला की पोटावर हात ठेवून घड्याळाकडे पाहत बसते. ते पाहणे आमच्या ओळखीचे आहे. म्हणून आम्ही दोघे मिळून हे लिहीत आहोत.

१९९३ साली आम्ही नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळच्या एका वाड्यात, दोन खोल्यांत राहत होतो. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभारलेले, साऱ्या पुण्याला 'सिटी चर्च' म्हणून परिचित असलेले निष्कलंक मातेचे चर्च तेथून हाकेच्या अंतरावर होते. त्याआधी दोन वर्षे आमचे पहिले बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मले होते. रुग्णालयातील एका परिचारिकेने कापसाच्या बोळ्याने पाणी शिंपून त्याला स्नानसंस्कार दिला. दोन दिवसांनी ते प्रभूच्या घरी गेले. पहिले बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले की पुढच्या खेपेलाही तो धोका अधिक असतो, हे डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले होते. त्यामुळे दुसऱ्या खेपेचा प्रत्येक आठवडा आम्ही जपमाळेच्या मण्यासारखा बोटांनी चाचपत पुढे सरकवीत होतो.

अशात ३० सप्टेंबरची पहाट उजाडली. विसर्जनाच्या रात्रीनंतर गाढ झोपलेल्या लातूर-उस्मानाबाद भागातील गावांवर, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप कोसळला. हजारो माणसे मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. आमच्यापैकी एक सरकारी बांधकाम विभागात होता. ४ ऑक्टोबरला त्याला तिकडे रवाना होण्याचा हुकूम आला. 'पंधरा दिवसांचे काम आहे,' असे सांगितले गेले. त्या गावांचे दुःख एवढे अफाट होते, की आपली काळजी पुढे करण्याची दोघांनाही लाज वाटली. निघताना त्याने विचारले, 'राहशील ना?' ती म्हणाली, 'सर्व ठीक आहे.'

घरी फोन नव्हता. आंतर्देशीय पत्रे मात्र नियमित जात-येत. तिकडून येई, 'प्रकृती उत्तम, काळजी नसावी.' इकडून जाई, 'बाळ खेळते आहे, काळजी नसावी.' दोन्ही पत्रे खरी होती आणि दोन्ही अपुरी होती. तात्पुरत्या छपरांच्या वस्तीत पाण्याच्या रांगेत रोज एक दिवस भरत आलेली स्त्री उभी असे. तिचा नवरा भिंतीखाली गेला होता. तिला पाहून आलेल्या रात्री तंबूत झोप लागत नसे, हे पत्रात कधीच आले नाही. पोट दगडासारखे कडक होते आणि पुन्हा सैल पडते, हेही दुसऱ्या पत्रात कधी गेले नाही.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. शेजारच्या बाया संध्याकाळी आमच्या खोलीत जमू लागल्या. जपमाळ संपली तरी एक जण मागे राही. आपली पाळी असल्यासारखी. २० तारखेच्या रात्री कळा सुरू झाल्या. समोरच्या मुसलमान मावशी धावून आल्या. त्यांनी कोळशाने भिंतीवर रेघा ओढून वेळा मोजल्या: दहा मिनिटे, दहा मिनिटे, मग आठ. त्यांच्या मुलाने रिक्षा आणली. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालय जवळच होते. १९४४ पासून ज्यांनी ते वाढविले, त्या डॉ. बानू कोयाजींना त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. तपासणी झाली. पाणी गेले नव्हते, रक्तस्राव नव्हता, गर्भाशयाचे तोंड मिटलेले होते. पहाटेपर्यंत कळा आपोआप विरल्या. 'या खोट्या कळा. पण आलात ते योग्य केलेत,' असे सांगून त्यांनी घरी पाठविले.

त्या सकाळी नेहमीचे पत्र निम्मे लिहून फाडले गेले. नवीन पत्रात एवढेच होते : 'मला भीती वाटते. रात्री मावशी होत्या.' आठवड्याने उत्तर आले : 'मलाही वाटते. इथे सांगायला कोणी नव्हते.' अंतर एका कोसानेही कमी झाले नव्हते. परंतु त्यानंतर आम्हां दोघांनाही झोप लागू लागली. पंधरा दिवसांचे काम पाच आठवडे चालले. ८ नोव्हेंबरला तो परतला आणि १२ तारखेला, दिवाळीच्या तोंडावर, ही लेक पूर्ण दिवसांची जन्मली.

शुभवर्तमानातील मरियेच्या भेटीचा प्रसंग आम्ही तेव्हापासून निराळ्या रीतीने वाचतो. मरिया डोंगराळ प्रदेशात अलिशिबेकडे घाईने गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. अलिशिबेचा पती जखऱ्या घरातच होता. पण त्याची वाचा बंद झाली होती. गर्भवतीचा सोबती दूर असणे दुःखाचे खरेच. परंतु जवळ असो वा दूर, त्याने मुके होणे अधिक दुःखाचे. आणि ती उणीव भरून काढायला देव कोणाला तरी उंबरठ्यावर पाठवितो.

आज साधने वाढली आहेत. वेळेच्या बऱ्याच आधी प्रसूतीची चिन्हे दिसल्यास बाळाची फुप्फुसे बळकट व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देता येते. ते वेळेवर मिळण्यासाठी रुग्णालय लवकर गाठावे लागते. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. लेकीच्या फाइल आणि कपड्यांची पिशवी दाराशी ठेवली आहे. रात्री कोणी सोबत जायचे, हेही ठरले आहे.

काल आम्ही तिला ही सारी हकिकत सांगितली. रात्री फोन आला तेव्हा ती नेहमीप्रमाणे हसली नाही. थोडा वेळ थांबून म्हणाली, 'ऐक ना, मला भीती वाटते.' पडद्यावरचा चेहरा क्षणभर गप्प झाला. मग तिकडून आवाज आला, 'मलाही. बोल.'

आम्ही दार हलकेच लोटून घेतले आणि बाहेरच्या खोलीत जपमाळ हाती घेतली.