पलंगपोस आणि पवनचक्की

माझ्या हातून आजवर एकही पलंगपोस सरळ घातला गेलेला नाही. हे उघडकीस येण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता, कारण ते काम ही करीत असे. पण गेल्या वर्षी हिच्या मनगटांनी संप पुकारला, डॉक्टरांनी "झटकायचं-बिटकायचं काही नाही" असा हुकूम काढला आणि पलंगपोस खाते माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी उशाकडे वीतभर शिल्लक आणि पायथ्याशी खडखडाट. दुसऱ्या दिवशी कडा जमल्या, तर मधे घडी. ही दारात उभी राहून नुसती बघे. बोलत नसे. छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, बोललेले परवडते.

अशा मनःस्थितीत मी चार दिवस गुजराथेत भाच्याकडे गेलो. भाचा पवनचक्कीची पाती करणाऱ्या कारखान्यात आहे. आम्ही साताऱ्याचे. पाहुणे आले की ठोसेघरचा धबधबा दाखवायचा आणि तसेच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर नेऊन पवनचक्क्या दाखवायच्या, हा आमचा वर्षानुवर्षांचा जोडधंदा. तेव्हा पवनचक्कीतले आपल्याला सगळे कळते अशी माझी समजूत. पाते पत्र्याचे असते, हे त्यातले मुख्य ज्ञान.

"मामा, पातं कापडाचं असतं," भाचा म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी मला कारखान्यातच घेऊन गेला.

साठ मीटर लांबीचा एक साचा. उभी चिरलेली होडी म्हणा ना! त्यात दहा-बारा पोरे हातमोजे घालून पांढरेशुभ्र कापड अंथरीत होती. काचेच्या धाग्यांचे कापड. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बुंध्याकडे असे डझनावारी थर, टोकाकडे मोजकेच. मधे कुठे हलक्या बाल्सा लाकडाच्या फळ्या. मग सगळ्यावर प्लास्टिक ताणून आतली हवा शोषून घ्यायची आणि आपल्या अ‍ॅरल्डाइटच्या जातीचा पातळ द्रव त्या कापडात जिरवायचा. तो घट्ट झाला की अर्धे पाते तयार. अशी दोन अर्धुके चिकटवली की एक. थोडक्यात, साठ मीटरचा पलंग आणि एकावर एक डझनांनी पलंगपोस! मी मनातल्या मनात त्या पोरांना दंडवत घातला.

"थोडं वाकडं झालं तर काय बिघडतं?" मी विचारले. प्रश्नात माझा खासगी स्वार्थ होता.

"काचेचा धागा सरळ असला तर ओढायला वाघ. तिरका पडला, लाटेसारखा वाकला की दाबाखाली मान टाकतो," भाचा म्हणाला. "आणि पात्याला सुट्टी नाही, मामा. मिनिटाला बारा फेरे धरा. प्रत्येक फेऱ्यात स्वतःच्याच वजनानं एकदा इकडे वाकायचं, एकदा तिकडे. वीस वर्षांत दहा कोटींच्या वर फेरे होतात."

पूर्वी म्हणे टेप आणि खुणा यांवर काम चाले. आता छताला लेसरची यंत्रे टांगलेली आहेत. आधी ती साच्यावरच्या ठरावीक खुणा टिपून साचा नेमका कुठे आहे ते समजून घेतात, मग पुढच्या थराची किनार हिरव्या रेघेने साच्यात आखून देतात. कापडाचा तुकडा रेघेला लावायचा, तपासायचा, की पुढची रेघ. आमच्या झोपण्याच्या खोलीत हे बसवायला काय खर्च येईल, ते मी विचारून पाहिले. भाच्याने विषय बदलला.

कापडाचे नखरे मात्र लेसरलाही ऐकत नाहीत. कोपऱ्याला धरून उचलले की ते तिरके होते. म्हणून नळकांड्यावरून उलगडत न्यायचे, मधून बाहेर तळव्याने सारखे करायचे. चिकटवायला गोंदाचा फवारा मारतात, पण जास्त झाला की तो द्रव नीट जिरत नाही.

रात्री जेवताना भाच्याने एक गोष्ट सांगितली. पावसाळ्यातली रात्रपाळी. सगळे थर झालेले, रेघा जुळलेल्या, कागदावर सह्या झालेल्या. प्लास्टिक अंथरायचे एवढेच बाकी. तेवढ्यात विशीतला एक पोरगा म्हणाला, "साब, इधर हाथ को कुछ लग रहा है." भाच्याने हात फिरवला. काही लागले नाही. शिफ्टचे टारगेट डोक्यावर. "दाबाखाली बसेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, मामा." आणि दाबाखाली सुरकुती बसत नाही, कायमची होते. मग यंत्राने खरवडा, थरथर भरा, नाहीतर पाते भंगारात.

पोरगा हटेना. सात थर उचलले. आठव्यात बोटाएवढी घडी सापडली. कडेला हिरवी रेघ अगदी बरोबर होती. रेघ कडेचे सांगते, पोटातले तिला काय ठाऊक!

"तो थर घातला होता कुणी?" मी विचारले.

"त्यानंच," भाचा म्हणाला. "त्याला ते माहीत होतं."

टारगेट बुडाले, भाच्याने वरची बोलणी खाल्ली. रिपोर्टात 'थर कोणी घातला' असा रकाना असतो. 'चूक कोणाला सापडली' असा नसतो. तो भाच्याने पट्टी घेऊन हाताने आखला आणि पोराचे नाव तेवढे तिथे लिहिले.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. गादीवर खडूची रेघ मारली. पलंगपोस काठीला गुंडाळून उलगडला, मधून बाहेर तळवा फिरवला. दोन्ही बाजूंना टेप लावला. अकरा इंच आणि अकरा इंच! मग हिला हाक मारली.

ही आली. कडांकडे बघितलेसुद्धा नाही. मनगटाला पट्टा बांधलेला हात मधोमध फिरवला आणि थांबली.

"इथे."

"गादीतला गोळा असेल."

"गादी मी ओळखते. हात लावून बघा."

मी बघितला. लागले. मुकाट्याने कोपरा धरून पलंगपोस उचलू लागलो.

"कोपऱ्याला नका हो धरू," ही म्हणाली, "तिरका होतो."

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारले. पण ही तोवर चहा टाकायला गेली होती.