आजाचा साहेब

माझा आजा इंग्रजांचा भक्त होता. हे लिहायची मला पूर्वी लाज वाटायची. आता वाटत नाही.

कामठ्याला आमच्या मोहल्ल्यात सांजच्याला बिड्या वळून झाल्या, की ओट्यावर बसून त्याचा एकच पाठ. "इंगरजाचा राज होता, तवा मानूस मानूस होता गा." आजा रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ उचलायचा, खडी भरायचा. गोरा साहेब ट्रॉलीवरून यायचा, कधी आजाच्या पाठीवर हात ठेवायचा. "साहेब सिवला, तरी आंग धोत नोयता," आजा सांगायचा. एवढ्यावरच आजा विकला गेला होता. आणि स्वस्तात विकला गेला, असंही मी म्हणणार नाही. ज्याचं बालपण दुसऱ्याच्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून जपण्यात गेलं, त्याला पाठीवरचा हात म्हणजे थोडी गोष्ट नव्हती.

१९७५ साली मी गोंदियाला कॉलेजात होतो. लायब्ररीत कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं. कॅथरीन मेयो ह्या अमेरिकन बाईचं 'मदर इंडिया', १९२७ चं. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. बाईनं हिंदू समाज उभा सोलला होता. बालविवाह, विधवा, आणि अस्पृश्य. आमच्याबद्दल इतकं उघडं लिहिलेलं मी त्याआधी इंग्रजीत वाचलं नव्हतं. रविवारी गावी आलो, आजाला ओट्यावर बसवून तेवढा भाग आपल्या बोलीत सांगितला. आजा खूश. "बाई खरी बोलली गा." मीही खूश. नातू आणि आजा पहिल्यांदा एका बाजूला आले होते.

मित्रांनो, इथंच माझी फसगत झाली. तुमची होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

बाईनं आमची जखम खरी दाखवली. पण कशासाठी दाखवली? इंग्रज अधिकाऱ्यांची मदत घेऊन ती हिंडली आणि निष्कर्ष काढला, की असला देश स्वराज्याला लायक नाही, साहेब आहे तेच बरं. आमची जखम तिच्या हातात साहेबाचं सर्टिफिकेट झाली. तिच्या स्वतःच्या देशात तेव्हा काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत होते. ते तिच्या चष्म्यातून दिसलं नाही.

मग १९२८ साली लाला लजपतरायांनी उत्तर दिलं, 'अनहॅपी इंडिया'. लालाजी स्वतः अमेरिकेत राहून आलेले. त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या हत्यांची पानंच्या पानं मांडली. मांडली ती खरीच. पण त्या झाडाखाली पुन्हा आम्हीच झाकले गेलो. तुमच्या घरात घाण आहे म्हणून आमच्या घराकडे बोट दाखवू नका, असा तो सवाल-जवाब. एका चष्म्यातून साहेब सुटला, दुसऱ्यातून सवर्ण हिंदू सुटला. आम्ही दोन्हीकडे पुरावा म्हणून वापरले गेलो.

मग आम्ही साहेबाकडे पाहायचं तरी कोणाच्या डोळ्यांनी?

उत्तर मला उशिरा मिळालं. महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं छापायला घेतली. त्यातला दुसरा खंड १९८२ साली आला. त्यात पहिल्या गोलमेज परिषदेतलं भाषण आहे. २० नोव्हेंबर १९३०, लंडन. साहेबाच्या घरात, साहेबाच्या तोंडावर बाबासाहेब एकेक प्रश्न विचारतात. तुम्ही येण्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, तुम्ही तो हक्क मिळवून दिलात का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? पोलिसात घेत नव्हते, तुम्ही घेता का? लष्कराचं दार तरी उघडं आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर साहेबाच्या बाजूनं जात नाही.

लष्कराचा प्रश्न तर जिव्हारी लागणारा. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला महार शिपाई कंपनीच्या बाजूनं लढले. १९२७ साली बाबासाहेब त्या स्तंभाला वंदन करायला गेले. पण त्याच साहेबानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली, हे ते एक दिवसही विसरले नाहीत. स्तंभाला वंदन आणि साहेबाला सवाल, दोन्ही एकाच माणसाचे.

हे भाषण मी आजाला वाचून दाखवलं. तेव्हा तो ऐंशीच्या पुढं गेलेला, डोळ्यांनी अंधूक. विहिरीचा प्रश्न आला आणि तो हलला. बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं अशी गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी काढली नव्हती. एका स्टेशनावर गँग काम करत होती. भर उन्हाचे दिवस. पाण्याची तोटी समोर होती.

"तोटीले हात लावाची सोय नोयती. बामन पानीवाला ये, वरून वंजरीत पानी वोते. तो आला नाई, त मानूस तसाच."

"मंग साहेब?" मी विचारलं.

"साहेब होता ना तेतंच."

"पाहत होता?"

"पाहत होता." आजा थांबला. "बाटलीतला सोडा पेत होता."

रेल्वे साहेबाची होती. रूळ साहेबाचे, तोटी साहेबाची. पाणी मात्र मनूचं होतं. आणि त्या पाणीवाल्याचा पगार साहेबच देत होता. साहेबानं पाठीवर हात ठेवला. आजाचा हात मात्र तोटीपर्यंत जाऊ दिला नाही.

आमच्या गावाचंच पाहा. ज्या १८१८ ची आपण दर जानेवारीला आठवण काढतो, त्याच साली कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूनं उठला. कंपनीच्या फौजेनं कामठ्याचा किल्ला घेतला. जमीनदारी एका घराण्याकडून दुसऱ्या घराण्याकडे गेली. महारवाड्याचं काय झालं? काही नाही. राबणारा राबत राहिला, कोतवालकी करणारा रात्रीची हाळी देत राहिला. साहेबानं वरचा माणूस बदलला, खालची उतरंड तशीच ठेवली. ती त्याला सोयीची होती.

बाबासाहेबांना हे इतक्या लवकर आणि इतकं साफ कसं दिसलं? मला वाटतं, ते कुठं उभे राहून पाहत होते, यात त्याचं उत्तर आहे. गांधी, जिना, नेहरू थेट विलायतेला गेले. साहेबाच्या शाळेत शिकून साहेबाला जोखायला निघाले. बाबासाहेब आधी अमेरिकेला गेले. जुलै १९१३, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. ज्या देशानं १७७६ साली इंग्रज राजा झुगारला, तिथं इंग्रजी राज्य म्हणजे मायबाप नव्हतं. तिथं सेलिग्मनसारखा मास्तर होता. सरकार कर कोणाकडून घेतं आणि खर्च कोणावर करतं, हे तपासणं हाच त्याचा विषय.

१९१५ साली बाबासाहेबांनी एम. ए. साठी प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि पैशाच्या व्यवहारावर. तो मी १९८९ साली सहाव्या खंडात वाचला. तेव्हा आजा नव्हता. पैशाच्या हिशेबात भारतानं इंग्लंडला दिलं ते अफाट आणि इंग्लंडनं भारताला दिलं ते शून्य, असा त्याचा निवाडा आहे. लिहिणारा पोरगा चोवीस वर्षांचा, सुभेदाराचा मुलगा, ज्याच्या बापानं साहेबाच्या पलटणीत नोकरी केली.

पण तो तिथं थांबला नाही. ९ मे १९१६ ला त्याच न्यूयॉर्कमध्ये त्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. एका वर्षी साहेबाचा हिशेब, दुसऱ्या वर्षी मनूचा. मेयोबाईनं एकच हिशेब केला. लालाजींनीही एकच केला. दोन्ही वह्या एकदम उघडणारा माणूस आमचा होता. मग १९१६ साली ते लंडनला गेले ते भारावलेल्या डोळ्यांनी नाही. १९२३ साली लंडनमध्येच त्यांचं रुपयावरचं पुस्तक निघालं, साहेबाच्या चलनाच्या धोरणाची चिरफाड करणारं. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे लंडनचे मास्तर कॅनन. ते त्यांच्या मतांशी सहमत नव्हते, पण प्रस्तावना दिली. १९२५ च्या प्रांतिक अर्थव्यवहारावरच्या पुस्तकाला प्रस्तावना न्यूयॉर्कच्या सेलिग्मननी लिहिली.

अमेरिकेचीही त्यांनी पूजा मांडली नाही. १९४६ साली त्यांनी ड्युबॉइसना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज नेत होते, त्याची प्रत मागवली. न्यूयॉर्कला शिकलेला माणूस न्यूयॉर्कच्या साहेबाकडे नाही, तिथल्या दाबलेल्यांकडे गेला. पुढं १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, तेही त्याच बाजूनं.

आणि साहेब गेल्यावर? १९५४ साली आमच्याच भंडारा मतदारसंघात बाबासाहेब पोटनिवडणुकीत पडले. तेव्हा कामठा भंडारा जिल्ह्यातच होतं. एक वही बंद झाली होती, दुसरी उघडीच होती.

भावांनो, आज तुमच्या हातातल्या मोबाईलवर लंडनची बातमी अमेरिकेवरून येते आणि आपल्या बातमीलाही सात समुद्रांचा वळसा पडतो. कोणी परदेशी आपल्या जखमेवर बोट ठेवलं, की आपण टाळ्या पिटतो, मी आजाच्या ओट्यावर पिटली तशी. टाळी जरूर पिटा. पण आधी विचारा, हा माणूस आपली जखम कोणाच्या कामाला लावतो आहे? त्याच्या हातात एक वही आहे की दोन?

गोष्ट सांगून झाल्यावर आजानं पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला. त्यानं तो स्वतःच्या हातानं उचलला, तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. त्या दिवसानंतर ओट्यावरचा तो पाठ मी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

जय भीम.