नागपूरच्या शेजारचे सौंसर

सौंसर मध्य प्रदेशात असले तरी बाजारात मराठीच कानावर पडते. 2023 पासून सौंसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. मला कुतूहल होते ते इथल्या कारखान्यांचे. बोरगावला रेमंडची गिरणी 1991 मध्ये उभी राहिली. सातनूरला भन्साळी इंजिनिअरिंगचा प्लास्टिकचा कारखाना आहे. 2013 मध्ये जपानच्या निप्पॉन ए अँड एलने याच कंपनीशी निम्मी भागीदारी केली. सोयरीक जुळवताना पाहुणे चालता संसार बघतात, तसेच हे.

पण हुकमाचा एक्का नागपूरच! सवलती मध्य प्रदेशच्या. विमानतळ, बँका, इस्पितळे मात्र साठेक किलोमीटरवर, महाराष्ट्रात. निपाणीला कोल्हापूर जवळ, तसेच. वाटेत कागलची पंचतारांकित एमआयडीसी लागते ना, तिथेही रेमंडने इटलीच्या झांबाइती समूहाबरोबर शर्टाच्या कापडाचा कारखाना काढला होता.

हे सारे मी एका संत्रा बागायतदाराला उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, कंपनी जपानची असो का मुंबईची, आमचं पोरगं पर्मनंट लागलं पायजे. तीन वर्षं झाली, ठेकेदाराकडंच हाय."