तांबूचे कान

तांबू अर्धा लॅब्रॉडॉर. आई कुणा मुंबईकराने फार्महाऊसच्या राखणीला आणलेली, बाप आमच्या वाडीतलाच. रंग बापाचा, पाण्याची ओढ आणि लोंबते कान आईचे. वाडीतल्या बाकी कुत्र्यांचे कान उभे, वाऱ्याने लगेच सुकणारे. ह्याच्या कानांवर कायम झाकण.

कर्जतचे बरेच ओढे शिमग्यापर्यंत आटतात. पेज नदी मात्र वैशाखातही वाहते, कारण घाटावरच्या आंध्रा धरणाचं पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून खाली उतरतं. लोकांना त्यामुळे उन्हाळी भात मिळालं, तांबूला बारमाही डुंबणं. त्याचे कान धड कधी सुकलेच नाहीत.

आधी वास आला, आंबूस. मग डोकं झटकणं, पडवीच्या खांबाला कान घासणं. पाळ उलटली तर आत लालबुंद आणि तपकिरी, चिकट मळ. आजी लसूण घालून खोबरेल कडकवायला निघाली. "आई, थांब जरा, आधी डॉक्टरांना दाखवू," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी आधी आत उजेड टाकून कानाचा पडदा शाबूत आहे का ते पाहिलं. पडदा फाटलेला असला, तर काही थेंबांनी कुत्रं बहिरं होऊ शकतं. मग मळ काचेवर घेऊन रंगवला आणि बाबांना सूक्ष्मदर्शकातून दाखवला: भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेत आवळलेल्या पेशी. मॅलासेझिया नावाचं यीस्ट. ते कुत्र्याच्या कातडीवर असतंच, ओल मिळाली की माजतं. पू असता तर जिवाणूंचा संशय, काळा कोरडा भुगा असता तर बारीक किड्यांचा.

कापसाच्या काड्या त्यांनी फेकूनच द्यायला लावल्या. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग आत वळते. काडीने मळ त्या वळणात ठासला जातो. धुण्याचं औषध ओतायचं, कानाचं मूळ चुबुकचुबुक वाजेपर्यंत चोळायचं, त्याला झटकू द्यायचं (आपण लांब उभं राहून), बाहेर आलेलं पुसायचं. मग थेंब. वास गेला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. आमच्याकडे घाई असायची ती इथेच.

एका कार्तिकात कापणीनंतर तो अचानक डोकं तिरकं करून किंचाळायला लागला. एकच कान, वास नाही, मळ नाही. डॉक्टरांनी लांब चिमट्याने गवताचं कुसळ ओढून काढलं. तेवढ्यावर भागलं.

म्हातारपणी डावी नळी जाड होऊन बुजत आली. त्या बाजूने हाक मारली तर ढिम्म. उजवीकडून मात्र औषधाच्या बाटलीचं बूच उघडलं, की तांबू खाटेखाली.