नवा फोन आणि जुनी नावे

सहा वर्षे सोबत केलेला आमचा मोबाइल फोन गेल्या महिन्यात आम्ही बाजूस ठेवला व नवा घेतला. जुना मोडला नव्हता. परंतु त्याच्या कंपनीने त्यास नव्या सुधारणा पुरविणे केव्हाच थांबविले होते आणि अखेर एका बँकेचे ॲप त्यावर उघडेनासे झाले. धडधाकट बैल केवळ नवे अवजार ओढता येत नाही म्हणून विकावा, तसा हा प्रकार. पण या व्यवहारात धन्याचे काही चालत नाही. वाचकहो, हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळ घरांत आज ना उद्या येणारच आहे. म्हणून पहिल्या पंधरवड्यात आमच्या ध्यानी जे आले ते येथे मांडतो.

पहिली जाणीव हाताला झाली. नवा फोन मोठा, जड व गुळगुळीत. झग्याच्या खिशात तो जुन्यासारखा निमूट बसत नाही. पडदा मात्र असा लख्ख की भर दुपारी अंगणातही अक्षर स्पष्ट दिसते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पेटीत तार निघाली, चार्जर निघाला नाही. आणि पिन निराळी असल्याने जुन्या तारा निरुपयोगी ठरल्या. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांस टाइप-सी ही एकच पिन बंधनकारक केली आहे. आपल्याकडील नव्या फोनांतही बहुधा तीच असते. तेव्हा घरात त्या पिनेची एक चांगली तार घेतल्यास ती सर्वांस पुरेल.

फोन आता बोट टेकताच उघडतो. आमचे बोट, लेखणी व पुस्तक यांखेरीज फारसे काही न धरलेले, त्याने तत्काळ ओळखले. विटांच्या भट्टीवर वर्षानुवर्षे राबलेल्या एका शेजाऱ्यांचे बोट मात्र त्यांच्या फोनने चार वेळा नाकारले. यंत्रास बोटावरील रेषा वाचावयाच्या असतात, आणि कष्टकऱ्याच्या रेषा कामात झिजलेल्या असतात. अशांनी अंकी खूण ठरवून ती पाठ करावी. बोटावर विसंबू नये.

सुरुवातीसच फोनने भाषा विचारली. आमच्या सीमाभागात घरी कोंकणी, प्रार्थनेस मराठी आणि कचेरीत कन्नड. एकाच घरात तिन्ही नांदतात. तिन्हींसाठी अक्षरपाटी ठेवता आली, याचा आनंद झाला. जुन्या फोनवर लिहिलेली मराठी पत्रेही नव्यावर जशीच्या तशी उमटली. युनिकोड या जागतिक अक्षरव्यवस्थेच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांस स्थान मिळाले होते. त्या दूरदृष्टीचे फळ आज खेड्यातील माणूस चाखीत आहे.

दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि तासाभरात सारी नावे, छायाचित्रे व संदेश इकडून तिकडे आले. नावांची यादी वाचीत असता आम्ही मध्येच थांबलो. त्यांत सतरा नावे अशांची होती, ज्यांना अखेरचा निरोप आम्हीच दिला होता. यंत्राने जिवंत व मृत असा भेद केला नव्हता. ही नावे पुसावी काय? बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. तो फिरवला तर कोणी अनोळखी मनुष्य उत्तर देईल. तेव्हा क्रमांक ठेवण्यात अर्थ नव्हता. आम्ही ती सतरा नावे शाईने एका वहीत उतरविली, २ नोव्हेंबरच्या स्मरणासाठी ती वही निराळी ठेवली आणि मगच फोनमधील क्रमांक काढले.

त्याच आठवड्यात एका वाडीतील विधवा भगिनी आपल्या मुलासह आल्या. मुलाने आईसाठी नवा फोन ठरविला होता. जुना दुकानात दिल्यास किमतीत सूट मिळणार होती. त्यांनी एकच प्रश्न केला, "फादर, ह्यांचा आवाज नव्या फोनात येईल ना?"

त्यांचे पती जहाजावर नोकरीस होते व तिकडेच निवर्तले. त्यांनी व्हॉट्सॲपवर धाडलेले बोलके निरोप त्या जुन्या फोनात होते. असे निरोप एकदा पोहोचले की कंपनी आपल्याजवळ ठेवीत नाही. फोन पुसला व प्रत काढलेली नसली, तर मागावयास जागा उरत नाही. मुलाला हे ठाऊक नव्हते. तो मुकाट्याने खाली बसला. नवा फोन आणल्यावर त्याने आमच्यासमोरच सर्व निरोप त्यावर उतरविले, बहिणीच्या फोनवरही धाडले; आणि जुना पुसण्यापूर्वी नव्यावर एक लावून पाहिला. पावसाआधी कौले परतून घे, सणाला येतो, एवढेच त्यात होते. माउलीने तो दोनदा ऐकला, डोळे पुसले व जुना फोन मुलाच्या हाती दिला.

वाचकहो, जुना फोन देण्यापूर्वी त्यात कोणाचा आवाज आहे हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारा. प्रत काढा, ती उघडून ऐका, दुसऱ्या एका फोनवर ठेवा. मगच जुना पुसा. घाई दुकानदाराला असेल, आपण करू नये.