पद्मालयाचा चढ

एरंडोल,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. ताईस,


तुझे पत्र पावले. शिकाऊ परवान्याची परीक्षा तू घरबसल्या संगणकावर दिलीस, आणि 30 दिवसांची मुदत भरल्यावर नाताळच्या सुटीत जळगावच्या कचेरीत पक्क्या परवान्यासाठी हजर होण्याचा तुझा मानस आहे, हे वाचून समाधान वाटले. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस, थोडे जास्त पैसे मोजले की परीक्षा नावापुरती होते असे कोणी सांगितल्याचे जे एक वाक्य तू सहज लिहून गेलीस, त्याने मन अस्वस्थ झाले, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

1939 चा जुना मोटार कायदा जाऊन 1988 चा आला, आणि त्याखाली 1989 साली जे नियम झाले, त्यांतील या परीक्षेविषयीचा 15 वा नियम तू एकदा स्वस्थपणे वाच. आरसा नीट लावणे, पट्टा बांधणे, वळण्याआधी इशारा करणे, उतारावर वेळीच खालचा गिअर टाकणे, अरुंद जागेत गाडी मागे घेणे, आणि चढावर थांबवलेली गाडी तसूभरही मागे न घसरता पुन्हा पुढे नेणे, या त्यातील बाबी आहेत. यातील एकही कचेरीच्या शोभेसाठी घातलेली नाही. कन्नडहून चाळीसगावकडे येणारा औट्रम घाट उतरताना केवळ ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, आणि तेथे निरीक्षक शेजारी बसलेला नसतो.

तू आलीस की आपण पहाटे पद्मालयाच्या रस्त्याला जाऊ. गणपतीचे दर्शन होईलच, पण माझा हेतू त्या टेकडीच्या चढाचा आहे. चढाच्या मध्यावर मी तुला गाडी थांबवायला सांगेन, हँडब्रेक ओढून घेशील, पहिला गिअर टाकशील, आणि मग क्लचवरचा पाय इतका सावकाश उचलशील की एका क्षणी इंजिनाचा आवाज किंचित जड होईल आणि बोनेट अंगुळभर उचलल्यासारखे वाटेल. तोच क्षण! त्यावेळी पाय तिथेच स्थिर ठेवून दुसऱ्या पायाने थोडा एक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक खाली सोडायचा. लोक याला हाफ क्लच म्हणतात, आणि शंभरदा सांगूनही तो कळत नाही. पायाच्या तळव्याला एकदा उमगला म्हणजे मग जन्मभर विसरत नाही. गाडी बंद पडेल, पुन्हा पडेल. मागून कोणी हॉर्न वाजवील. तिकडे लक्ष देऊ नकोस.

गाडी मागे घेण्याचा सराव मात्र गावठाणातच करू. तेथील अरुंद बोळांतून, दोन्ही आरशांत पाहत, मान वळवून मागे येणे ज्याला साधले त्याला परीक्षेच्या मैदानातल्या खुणांचे भय उरत नाही.

यानंतर हमरस्ता. पूर्वी 6 क्रमांकाचा आणि आता 53 क्रमांकाचा हा महामार्ग धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावकडे जातो, आणि सध्या कापसाचा हंगाम असल्याने दिवेलागणीला त्यावर जे दिसते, किंवा अधिक खरे सांगायचे तर जे दिसत नाही, त्याची कल्पना तुला पुण्यात येणार नाही. कापसाने दाबून भरलेली ट्रॉली दोन्ही बाजूंना इतकी फुगलेली असते की मागचा दिवा असला तरी झाकून जातो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोताने डोळे दिपतात, आणि त्याच क्षणी डाव्या हाताला ती काळोखाची भिंत उभी असते. अशा वेळी वेग आधीच कमी केलेला असावा लागतो. ट्रॉली दिसल्यावर कमी करू म्हणणाऱ्याला तेवढे अंतर उरलेले नसते.

हे सर्व मी तुला भिववण्यासाठी लिहीत नाही. आपल्या घरातल्या बायकांनी रात्री-अपरात्री कोणाला जळगावच्या दवाखान्यात न्यायचे झाले की शेजारी कोणाची गाडी रिकामी आहे याची चौकशी करीत उंबऱ्यात उभे राहावे, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. तू शिकतेस याचा मला आनंद आहे तो त्यासाठी. आणि ते सुमारे 30 किलोमीटर तुला मध्यरात्री एकटीने काटायचे असतील तेव्हा विकत घेतलेला परवाना तुझ्या काय कामाचा? पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झालीस तरी त्यात उणेपणा नाही. 7 दिवसांनी पुन्हा जाता येते. तीनदा न साधल्यास मात्र 60 दिवस थांबावे लागते, आणि तेवढा वेळ सरावाला मिळाला तर तोही सत्कारणी लावू.

पांढऱ्या पाटीवर तांबड्या 'एल'ची तजवीज मी करतो. पाटी 18 सेंटिमीटर चौरस, पुढे आणि मागेही, असा नियम आहे. शेजारी परवानाधारक इसम हवा, तो मी आहेच. तू येताना शिकाऊ परवाना आणि पत्त्याचा दाखला, दोन्ही अस्सल, आठवणीने आण, आणि उंच टाचांच्या चपला तिकडेच ठेव. पातळ तळव्याचे बूट पायात असू देत. परीक्षेची तारीख सुटीच्या शेवटच्या आठवड्यातली घे, म्हणजे आधीचे सर्व दिवस हाती राहतील. आईस नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा